मधोमध पिवळा

आमच्या गावात नुसतं 'लाल' म्हणून भागत नाही. समोरचा लगेच विचारतो, "कसला लाल? जास्वंदीचा का रातांब्याचा?" हिरवा म्हटलं की केळीच्या कोंबाचा की विहिरीतल्या शेवाळाचा, हे सांगावं लागतं. मी सून म्हणून या गावात आले तेव्हा मला वाटलं, ही माणसं जरा जास्तच चौकस दिसतात. मग माझा थोरला अंगणवाडीत जायला लागला आणि हे खूळ कुठून आलं ते कळलं. अख्ख्या गावाला रंग मंदाताईंनी शिकवले होते.

मंदाताई अंगणवाडीच्या बाई. आमच्या समोरच राहायच्या, मध्ये फक्त पाखाडीची दगडी वाट. ठेंगणा बांधा, नाकावर घसरलेला चष्मा, आणि बोलताना मान एका बाजूला कललेली. सरकारने दिलेला रंगांचा तक्ता त्यांनी कधी भिंतीवर लावलाच नाही. पोरांना वाडीत न्यायच्या, पोफळीखाली बसवायच्या आणि पडलेली सुपारी हातात देऊन विचारायच्या, "हा कंचा?" पोरगं घाईने काहीतरी बोललं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "आधी बघ, मग बोल." हे वाक्य त्या पोरांना म्हणायच्या, त्यांच्या आयांना म्हणायच्या, एकदा तर पाहणीला आलेल्या साहेबांनाही म्हणाल्या होत्या.

निवृत्त झाल्यावर हातात पोरं उरली नाहीत, चौकसपणा मात्र तसाच राहिला. तो कुठेतरी जाणारच होता. तो गेला काळ्या दारात.

आमचं गाव काशीदच्या अलीकडे, डोंगर आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत. इथे आता मुंबईच्या लोकांचे बंगले झाले आहेत. त्यातल्या एका बाईंनी आपल्या बंगल्याचं पुढचं दार काळं कुळकुळीत रंगवलं. गावात चर्चेला ऊत आला. काळं दार! कुणी म्हणालं दृष्ट लागू नये म्हणून, कुणी म्हणालं बाईचं काहीतरी वाईट झालं असणार. मंदाताई सरळ गेल्या आणि दारातच उभ्या राहून विचारलं, "काळा का?" त्या बाईही मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनी आत बोलावलं, चहा दिला, आणि दार उत्तरेला आहे, उत्तर ही पाण्याची दिशा, पाण्याचा रंग काळा किंवा निळा, असं सगळं फेंगशुई समजावून सांगितलं. येताना मंदाताईंच्या हातात एक गोल पुठ्ठा होता. दक्षिणेला लाल, पूर्वेला हिरवा, पश्चिमेला पांढरा, उत्तरेला निळा-काळा आणि मधोमध पिवळा.

तो पुठ्ठा त्यांनी पिशवीत घातला तो कायमचा. बाजारात, देवळात, हळदीकुंकवाला, जिथे जातील तिथे तो बाहेर निघायचा. मोबाइलमधलं होकायंत्र कसं लावायचं ते त्यांनी माझ्या धाकटीकडून शिकून घेतलं होतं. कुणाच्याही घरात शिरल्या की आधी मोबाइल हातात धरून मधोमध स्वतःभोवती एक गिरकी घ्यायच्या आणि मग विचारायच्या, "कशी आहेस गो?" माझ्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. तिला हिरवा पडदा लावायला लावला, तोही केळीच्या कोंबाचा हिरवा. पडदा आला आणि माझी पित्ताची जुनी कटकट कमी झाली. मी त्याच सुमारास लोणचं सोडलं होतं, पण मंदाताईंनी श्रेय पडद्याला दिलं आणि मीही वाद घातला नाही.

माझे यजमान त्यांची फार थट्टा करायचे. "मंदाताई, हे चीनचं शास्त्र आपल्याला कशाला?" त्यावर त्या म्हणाल्या, "नवरात्रात पेपरवाला सांगतो तो रंग तुमची बायको रोज नेसते. तेव्हा विचारलंत का कुणाचं शास्त्र म्हणून?" यजमानांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी त्या वेळी नेमकी जांभळ्या साडीत उभी होते.

सगळेच काही ऐकून घेत नसत. जनाबाय कोळीण टोपली घेऊन दारावर यायची. मंदाताईंनी तिला सांगितलं, पांढरं टोपलं घे आणि पश्चिमेच्या अंगाला बस, धंदा वाढेल. जनाबायने टोपलीवरचं फडकं दूर केलं आणि कमरेवर हात ठेवला.

"बाय, माझं पापलेट पांढरं, बोंबील पांढरं, बर्फ पांढरा. आनी किती पांढरं करू? मीच काय ती काळी हाय, मला रंगवतंस का?"

मंदाताई इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. त्यांचं हे मला आवडायचं. दुसरं कुणी असतं तर रागावलं असतं. या मात्र पुठ्ठ्याकडे बघत म्हणाल्या, "खरंच गो, हिचं दुकान आधीच बरोबर आहे."

त्या भाबड्या होत्या का? मला पुष्कळ दिवस तसं वाटायचं. मग त्यांनी एक दिवस भलताच प्रश्न काढला. पुठ्ठ्यात पाणी उत्तरेला, आणि आपला समुद्र तर पश्चिमेला. "मग खोटं कोण? पुठ्ठा का समुद्र?" माझ्या मुलाचं भूगोलाचं पुस्तक मागून घेतलं, चीनचा नकाशा शोधला, त्यावर बोट फिरवलं. "ह्यांचा समुद्र बघ, उगवतीला. आपला मावळतीला. हे काय, त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला." दोन दिवस त्या अस्वस्थ होत्या. बंगल्याच्या बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, मूळ नियम असा की घराच्या पाठीशी डोंगर हवा आणि समोर पाणी. मंदाताईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "म्हणजे आपलं अख्खं गाव उत्तम बसलंय. मग माणसं अशी का?" शेवटी तोड त्यांनीच काढली. पश्चिमेची भिंत पांढऱ्या चुन्याने रंगवायची, पण चुन्यात नीळ जरा सढळ हाताने घालायची. पुठ्ठ्याचाही मान राहिला, समुद्राचाही. आमच्याकडे चुन्यात नीळ पूर्वापार घालतातच, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

असं सगळ्यांचं करून झाल्यावर त्या स्वतःच्या घराकडे वळल्या, आणि तिथे अडल्या. कारण मंदाताईंचं घर अर्धं होतं.

हे नीट सांगायला हवं. ते कौलारू घर दोघा भावांचं. थोरल्याची बायको सुशीलावहिनी, धाकट्याची मंदाताई. दोघी जावा एकाच चुलीवर नांदल्या, एकीने भात लावायचा आणि दुसरीने कालवण. मग वाडीतल्या पंपाच्या पाळीवरून भावांचं बिनसलं. आज पाणी कुणी लावायचं यावरून सुरू झालेलं भांडण भिंतीवर जाऊन थांबलं. माजघराच्या बरोबर मधून आडव्या विटांची भिंत उभी राहिली, अगदी रागाच्या भरात, चार-दोन दिवसांत. उत्तरेचा भाग जुन्या स्वयंपाकघरासकट थोरल्याला, दक्षिणेचा धाकट्याला. बायकांना कुणी विचारलं नाही. पुढे दोघे भाऊ मागेपुढे गेले. दोन्ही मयतांना दोघी जावा एकमेकींच्या ओटीवर बसल्या, रडल्या, आणि न बोलता उठल्या. ज्यांनी भिंत घातली ते गेले आणि ज्यांनी घातली नव्हती त्या ती सांभाळत बसल्या.

तरी एकमेकींचं सगळं त्यांना कळायचं. भिंतीतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. मंदाताई मला मोठ्याने म्हणायच्या, "आज खोकला जास्त आहे वाटतं कुणाला, अडुळशाचा काढा घ्यावा." पलीकडून सुशीलावहिनी त्यांच्या मांजरीला सांगायच्या, "घेतलाय म्हनावं काढा."

त्यात बातमी आली की सुशीलावहिनींचा मुलगा प्रकाश त्यांना कळंबोलीला न्यायचं म्हणतोय आणि त्यांचा अर्धा भाग विकायला काढलाय. प्रकाश वाईट मुलगा नाही. ट्रकच्या धंद्यात आहे, रोज फोन करतो. त्याचं म्हणणं सरळ होतं, आई एकटी असते, रात्री-बेरात्री पडली-झडली तर बघणार कोण? गिऱ्हाईकही मिळालं होतं, फक्त जागेची कागदपत्रं व्हायची होती. त्यांना तिथे कॉटेजं बांधायची होती.

त्या दिवशी मंदाताई माझ्याकडे येऊन बसल्या. पुठ्ठा मांडीवर होता, पण त्यांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

"वहिनी गेली तर मी कुणाशी नाही बोलणार गो?" असं म्हणाल्या आणि आपल्याच बोलण्याला हसल्या. मग डोळे पुसले. "जाऊ नको म्हणायला तोंड कुठाय मला?"

मला त्यांचा फार कळवळा आला. मी म्हटलं, मी जाऊन सांगते. त्या म्हणाल्या, "नको. तिला वाटेल मंदाला आता एकटीला भीती वाटते. वाटते, पण ते तिला कशाला?"

पुठ्ठा आता जास्तच मनावर घेतला गेला. त्यांनी आपल्या अर्ध्या घरावर तो लावून बघितला, तर दक्षिणेचा लाल मिळाला, उत्तरेचा निळा मिळाला नाही. "माझ्या वाट्याला आग, तिच्या वाट्याला पाणी. वाटणी करणाऱ्यांनी पण बघ काय बघून केली!" आणि मधोमध? मधोमध पिवळा हवा, शिवाय ती जागा मोकळी हवी, मध्य बिघडला की घर बिघडतं, असं बंगल्याच्या बाईंनी सांगितलं होतं. आणि घराचा मध्य नेमका त्या भिंतीत होता.

मग मंदाताईंनी भिंतीची आपली बाजू पिवळी करायला घेतली. हळदीचा पिवळा नको, शेवंतीचा हवा. स्वतः स्टुलावर चढून रंगवली. पहिल्या पावसातच रंगाचे पोपडे सुटले आणि सगळा पिवळा झडून केरसुणीत गेला. दिवाळीत तेलाचा रंग आणला. त्याला फोड आले आणि ते फुटून खाली पांढरी भुकटी सांडायला लागली. त्यांनी पुन्हा खरवडली, पुन्हा रंगवली. पुन्हा तेच. मी म्हटलं, "ताई, पिवळं कापड लावा आणि मोकळ्या व्हा." त्या चिडल्या. "कापड लावलं तर भिंत पिवळी होते का? आधी बघ, मग बोल!"

अखेर हरीभाऊ गवंडी आला. त्याने भिंतीवर हात फिरवला, थापीने थोडा गिलावा खरवडला, चिमटीत घेतला आणि सरळ जिभेवर ठेवला.

"खारट हाय," तो म्हणाला.

"म्हणजे?" मंदाताईंनी विचारलं.

"तवा घाई होती न्हाय का? वाळू हितलीच उचलली असंल, दर्यावरची. मीठ भरलंय हिच्यात. हिला कंचाच रंग न्हाय धरणार बाय. पिवळा लावा न्हायतर सोन्याचा लावा."

मंदाताईंनी लगेच स्वतः बोट लावून चाखून बघितलं. मग मला चाखायला लावलं. खरंच खारट होती. आम्ही तिघं ओठ चाटत भिंतीकडे बघत उभे होतो, आणि तेवढ्यात पलीकडून आवाज आला. सुशीलावहिनी मांजरीशी बोलत होत्या.

"ह्या अंगाला पन खारटच हाय म्हनावं. मी कवाच बगितलंय."

मंदाताई हरखून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणजे पलीकडेही रंग लावणं चाललं होतं? पुठ्ठा नसताना, कुणी सांगितलं नसताना? का नुसता ओल येते म्हणून? हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि वहिनींना विचारायची माझी हिंमत नाही.

हरीभाऊने स्पष्टच सांगितलं. मिठाने सांधे खाल्लेत, भिंत आज ना उद्या पडणार, आणि पडली तर कुणाच्या अंगावर पडेल ते सांगता येत नाही. ती पूर्ण काढून, नदीची वाळू आणून नव्याने बांधायला हवी. पण त्याला दोन्ही बाजूंचा होकार पाहिजे.

मंदाताई दिवसभर बेचैन. कितीदा उठून दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मी समोरून बघत होते, पण मध्ये पडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात सडा घालत होते आणि सुशीलावहिनी बाहेर आल्या. उंच, वाळलेल्या, डोक्यावर पदर. आपल्या पायऱ्या उतरल्या आणि मंदाताईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"मंदा," त्या म्हणाल्या, "भिंत पाडायची तर माझं कपाट हलवाया लागंल. एकटीनं न्हाय हलत."

इतकी वर्षं साठलेलं बोलणं असं बाहेर येईल असं मला वाटलं नव्हतं. रडारड होईल, गळामिठी होईल, असं काहीतरी माझ्या मनात होतं. मंदाताईंनी फक्त पदर खोचला. "चल," म्हणाल्या. थोड्या वेळाने आतून लोखंडी कपाट जमिनीवर ओढल्याचा कर्कश आवाज आला आणि त्यावर दोघींचं भांडण. एक म्हणत होती तुझ्या बाजूने उचल, दुसरी म्हणत होती तूच वाकडं ढकलतेस.

भिंत सहज निघाली. हरीभाऊला फारशी पहार घालावी लागली नाही. विटा अंगणात रचल्या, धूळ बसली, मंदाताईंनी जमीन पुसली, आणि पुसता पुसता थांबल्या. भिंतीखाली झाकलेला जुन्या कोब्याचा, म्हणजे घोटीव जमिनीचा, पट्टा उघडा पडला होता. दोन्ही बाजूंची जमीन पायांनी झिजून फिकट झाली होती, आणि मधला हा पट्टा लालबुंद, नवा कोरा. तो कोबा दोघींनीच घोटला होता, मंदाताई नवी सून असताना, गुडघ्यांवर बसून, नारळाच्या करवंटीने.

"कसला लाल म्हणायचा गो हा?" मंदाताईंनी विचारलं. मला नाही, वहिनींना.

सुशीलावहिनी खाली वाकून नीट बघत राहिल्या. "रातांब्याचा," त्या म्हणाल्या. "पिकलेल्या."

हरीभाऊ म्हणाला, नदीची वाळू आली की नवी भिंत उचलतो. मंदाताई रोज विचारायच्या, "आली का वाळू?" मग दिवसाआड विचारायला लागल्या. मग विचारेनाशा झाल्या. वाळू आली तेव्हा त्यांनी हरीभाऊला देवळाच्या पायऱ्यांचं काम दाखवलं आणि वाळू तिकडे वळवली. मी पुठ्ठ्याची आठवण करून दिली, "मधोमध पिवळा राहिला की तुमचा." त्यांनी पुठ्ठा काढून तपासला. "लाल पिवळ्याला पोसतो, असं ह्यात धरतात. म्हणजे चालतंय." चालायचंच होतं त्यांना.

एका रविवारी प्रकाश गिऱ्हाईक घेऊन आला. पांढऱ्या बुटातले गृहस्थ आणि हातात मोजपट्टी. मी तेव्हा त्यांच्या ओटीवर तांदूळ निवडत होते, म्हणून सगळं बघायला मिळालं. प्रकाश उंबऱ्यातच थबकला. त्याला भिंतीचं कुणी सांगितलंच नव्हतं. एवढं मोठं माजघर त्याने लहानपणी पाहिलेलं असणार, तो नुसता इकडून तिकडे बघत राहिला. गृहस्थांनी मोजपट्टी उघडली आणि विचारलं, "आजी, तुमचा भाग कुठपर्यंत?"

सुशीलावहिनी खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. "ते मंदाला विचारा."

सगळे मंदाताईंकडे बघायला लागले. जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारत आलेली ती बाई, तिला पहिल्यांदाच कुणी असं विचारलं असेल. त्या मान कलती करून त्या लाल पट्ट्याकडे बघत होत्या. चष्मा घसरला होता, तो वर केला नाही. त्यांचे डोळे भरले होते, आणि मला वाटलं आता त्या पुठ्ठा काढणार. त्यांनी तो काढला नाही.

"हे मधलं आहे," त्या म्हणाल्या. "ते कुणाच्या भागात येत नाही. ते मोकळं ठेवायचं असतं."

गृहस्थ प्रकाशकडे बघायला लागले. प्रकाश आईकडे बघत होता.  मग तो खाली बसला, बरोबर त्या पट्ट्यावर, आणि बूट काढायला लागला.

"आई एकटी नाही मग," तो हळूच म्हणाला. त्याने हे कुणाला सांगितलं कोण जाणे. गृहस्थांनी मोजपट्टी मिटली.

त्याच आठवड्यात आम्ही पेणला राहायला गेलो, यजमानांची बदली झाली म्हणून. गेल्या पावसाळ्यात मंदाताई गेल्याचं फोनवर कळलं. झोपेतच गेल्या. वहिनींनी सकाळी हाक मारली तेव्हा समजलं. वहिनी अजून त्याच घरात आहेत आणि प्रकाश दर शनिवारी येतो.

मंदाताईंना मी शेवटचं नीट पाहिलं ते त्या रविवारीच. "चहा टाकते," म्हणाल्या आणि उठल्या. त्यांचं स्वयंपाकघर उजव्या हाताला होतं. त्या डाव्या हाताला वळल्या. लाल पट्ट्यावर बसलेल्या प्रकाशच्या डोक्यावरून हात फिरवून, साडी किंचित उचलून, पलीकडे वहिनींच्या स्वयंपाकघरात गेल्या. इतक्या वर्षांत तिथे त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. पातेलं ठेवल्याचा आवाज आला. मग फळीवरचा डबा काढल्याचा. मी वाट बघत होते की आता त्या आतून विचारतील, साखर कुठे ठेवलीस म्हणून. त्यांनी विचारलं नाही.